नसेशी संबंध तुटलेला स्नायू: देवगडच्या एका पडलेल्या मनगटाचा प्रकरण अभ्यास

रुग्ण पस्तिशीचा, उजवखोरा पुरुष. आंब्याच्या हंगामात देवगड तालुक्यातल्या एका बागेत काढणीला, आणि ऑगस्टपासून होडीवर खलाशी. एप्रिलच्या अखेरीस झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढलेला असताना फांदी मोडली आणि तो उजव्या दंडावर पडला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

क्ष-किरणात दंडाचं हाड, म्हणजे ह्यूमरस, मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागाच्या सीमेवर मोडलेलं दिसलं. जखम उघडी नव्हती, नाडी लागत होती. पण हात पुढे करायला सांगितलं की मनगट खाली लोंबायचं. बोटं मुळापाशी सरळ होत नव्हती, अंगठा बाहेर नेता येत नव्हता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या पाठच्या भागावर स्पर्श कळत नव्हता. कोपर मात्र सरळ करता येत होतं. याचा अर्थ रेडियल नसेच्या, दंडाच्या मागच्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या फांद्या वाचल्या होत्या आणि त्यांच्या खाली ती नस बंद पडली होती. ही नस नेमकी त्याच ठिकाणी हाडाला चिकटून वळसा घेत जाते, म्हणून या अस्थिभंगात तिला इजा होणं नवलाचं नाही. ती चिरडली आहे, ताणली गेली आहे की तुटली आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. कातडी शाबूत असलेल्या अशा बहुतेक रुग्णांत नस आपोआप सावरते. त्यामुळे प्लॅस्टरची पट्टी घालून थांबायचं ठरलं, आणि तो निर्णय बरोबर होता.

मी भूलतज्ज्ञ. माझा या रुग्णाशी संबंध दोन महिन्यांनी आला. आधीचं सगळं मी कागदांवरून, अस्थिरोगतज्ज्ञांकडून आणि त्याच्या आईकडून जमवलं आहे. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं याचं कारण असं, की यातला प्रत्येक गोंधळ आणि प्रत्येक निर्णय एकाच जागी येऊन थांबत होता: नसेचा संबंध तुटल्यावर स्नायूपेशीच्या पटलातल्या, म्हणजे तिच्या पातळ आवरणातल्या, आयन वाहिन्यांमध्ये (विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म दारांमध्ये) काय बदलतं.

लवकर केलेली तपासणी

घरच्यांना धीर नव्हता. पडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ते त्याला शहरातल्या एका केंद्रात नसांच्या तपासणीला घेऊन गेले. कोपराजवळ नसेला विजेचा झटका दिल्यावर बोटं उचलणाऱ्या स्नायूतून थोडा प्रतिसाद आला. स्नायूतली वीज टिपून यंत्रावर ऐकवणारी सुई घातल्यावर स्नायू शांत होता, आणि रुग्णाने जोर लावला तरी काही उमटलं नाही. अहवालात हे सगळं नीट लिहिलेलं होतं. पण घरी पोचेपर्यंत त्याचा सारांश ‘नस चालू आहे’ असा झाला.

तुटलेल्या किंवा चिरडलेल्या नसेचा खालचा भाग लगेच मरत नाही. पेशीच्या मूळ देहापासून वेगळा झालेला अक्षतंतू, म्हणजे नसपेशीचा लांब धागा, काही दिवस विजेला प्रतिसाद देत राहतो, मग विघटित होतो. स्नायूकडे जाणाऱ्या तंतूंचा प्रतिसाद साधारण पहिल्या आठवड्यात मावळतो, संवेदनेच्या तंतूंचा त्याहून थोडा उशिरा. आणि स्नायू? त्याच्या पटलात बदल सुरू झालेला असतो, पण सुईला ऐकू येईल इतका तो पुढे गेलेला नसतो. माणसात तो ऐकू यायला दोन ते तीन आठवडे लागतात, नसेची इजा स्नायूपासून जितकी दूर तितके जास्त. म्हणून पहिल्या आठवड्यातली तपासणी इजा कुठे आहे याचा अंदाज देते. ती किती खोल आहे, हे ती सांगू शकत नाही. या एका गोष्टीसाठी कोकणातून किती जण कोल्हापूर-मुंबईच्या वाऱ्या करतात आणि पैसे घालवतात, याची मला मनापासून खंत वाटते. तारीख तीन-चार आठवडे पुढची घ्या, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

दुसरी तपासणी आणि यंत्राचा आवाज

मे संपता संपता दुसरी तपासणी झाली. यावेळी नसेला खाली झटका दिला तरी स्नायू हलला नाही. मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंत सुई घातली, तर रुग्ण हात सैल सोडून पडलेला असतानाही यंत्रातून एकसारखा, नियमित टिकटिक आवाज येऊ लागला. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. ट्रायसेप्स शांत होता. आई बाजूलाच उभी होती. आधी तिने विचारलेलं होतं, “माज्या झिलाचो हात मेलो काय ओ, डॉक्टरांनू?” आता तो आवाज ऐकून ती म्हणाली, “मशिनीत आवाज येता, म्हणजे जीव इलो ना?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच होतं, आणि ते तिला पटेल असं सांगणं सोपं नव्हतं. हा आवाज फिब्रिलेशनचा होता. स्नायूचा एकेक तंतू, नसेचा कुठलाही आदेश नसताना, आपणहून विद्युत स्पंदन काढत होता. कातडीवरून ते दिसत नाही. डोळ्यांना दिसणारी फडफड वेगळी. तिला फॅसिक्युलेशन म्हणतात, आणि ती जिवंत नसेच्या एका तंतूच्या ताब्यातला सगळा गट एकदम उडाल्याने होते. हा फरक 1938 मध्ये डेनी-ब्राऊन आणि पेनीबेकर यांनी स्पष्ट केला. फिब्रिलेशन म्हणजे नस परत आल्याची खूण नव्हे. स्नायू नसेपासून तुटला आहे याचा तो पुरावा आहे. पण त्याच वेळी तो स्नायू मेलेला नाही याचाही पुरावा आहे, कारण मेलेला तंतू स्पंदन काढूच शकत नाही. आईला हे दुसरं वाक्य हवं होतं आणि ते खरं होतं, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते आधी सांगितलं. चांगलं केलं.

(एक व्यवहाराची गोष्ट. हात गार असेल तर हा आवाज दबतो. तपासणीच्या खोलीत यंत्रासाठी एसी चालू असतो आणि रुग्ण पावसात भिजून आलेला असतो. हात गरम करूनच सुई घालावी.)

पटलात काय बदललं होतं

निरोगी स्नायूतंतूच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते, साधारण −80 ते −90 मिलिव्होल्ट. हा ताण टिकवण्यात पोटॅशियमच्या वाहिन्यांचा वाटा मोठा. पण स्नायूत आणखी एक वाहिनी महत्त्वाची, क्लोराईडची, सीएलसी-1 नावाची. विश्रांतीत असलेल्या सस्तन प्राण्याच्या स्नायूपटलातून होणाऱ्या वहनाचा बहुतांश भाग तिचाच असतो. ती पटलाला स्थिर ठेवते, किरकोळ हेलकाव्यांनी स्पंदन उठू देत नाही. नस गेल्यावर हे क्लोराईडचं वहन उतरतं. उंदरांवरच्या प्रयोगांत काही दिवसांतच आतला ऋण ताणही कमी होऊन −60 च्या आसपास येतो. म्हणजे पटल स्पंदनाच्या उंबरठ्याजवळ सरकतं आणि त्याला स्थिर धरणारी वाहिनीही अशक्त होते.

इतक्या कमी ताणावर स्पंदन उठवणाऱ्या नेहमीच्या सोडियम वाहिन्या खरं तर निष्क्रिय होऊन बसायला हव्यात. तरीही तंतू स्पंदतो, आणि यातला एक भाग असा की सोडियम वाहिन्यांचा प्रकारच बदलतो. प्रौढ स्नायूत एनएव्ही-1.4 ही वाहिनी असते. नस गेल्यावर दोन-तीन दिवसांत तिच्या जोडीला एनएव्ही-1.5 दिसू लागते. ही वाहिनी एरवी हृदयात असते आणि जन्माआधीच्या स्नायूत असते. हे पहिल्यांदा कळलं ते विषामुळे. आपल्या किनाऱ्यावर जाळी कुरतडणारा, पोट फुगवणारा केंड मासा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या कुळातल्या माशांच्या यकृतात आणि गाबोळीत टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते सोडियम वाहिनीच्या बाहेरच्या तोंडाशी बसून ती बंद करतं. निरोगी स्नायू त्याने गप्प होतो. 1971 मध्ये रेडफर्न आणि थेस्लेफ यांनी दाखवलं की नस कापलेला उंदराचा स्नायू हे विष असतानाही स्पंदन काढतो. एनएव्ही-1.5 बंद करायला या विषाची कितीतरी पट जास्त मात्रा लागते.

आणखी एक वाहिनी उगवते, एसके नावाची, कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियम वाहिनी. प्रौढ स्नायूत ती जवळजवळ नसतेच. तिची ओळख पटली मधमाशीच्या विषातल्या अपामिनमुळे. (लाल विंचवाच्या विषातला टॅमापिन हा घटकही याच कुळातल्या वाहिन्या रोखतो.) नस नसलेल्या स्नायूच्या अति-उत्तेजनशीलतेत या एसके वाहिनीचाही हात आहे.

आता सगळ्यात मोठा बदल, ज्याच्याशी माझा धंदा थेट बांधलेला आहे. नसेचं टोक ॲसिटिलकोलीन हे संदेश नेणारं रसायन सोडतं आणि स्नायूवरचे ग्राही ते पकडून उघडतात. हे ग्राही स्वतःच आयन वाहिन्या आहेत: उघडले की सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो. निरोगी तंतूत ते नसेच्या टोकासमोरच्या इवल्याशा जागेत दाटलेले असतात, एका चौरस मायक्रॉनमध्ये सुमारे 10,000. बाकीच्या पटलावर ते जवळपास नसतात. नस गेली की ते सगळ्या लांबीभर पसरतात. नवे ग्राही प्रौढ घडणीचे नसतात. त्यांच्यातल्या पाच तुकड्यांपैकी एप्सिलॉनच्या जागी गॅमा हा गर्भावस्थेतला तुकडा येतो. असा ग्राही एकदा उघडला की जास्त वेळ उघडा राहतो. तो टिकतही कमी काळ: प्रौढ ग्राहीचं अर्धायुष्य दहा दिवसांहून जास्त, याचं सुमारे एक दिवस. म्हणजे स्नायू सतत नवे ग्राही बनवत आणि मोडत असतो. नसेचा संदेश कुठूनही येवो, तो पकडता यावा अशा तयारीत सगळं पटल येतं.

हे ग्राही मोजता आले तेही एका सापामुळे. मण्यारच्या जातभाईच्या, तैवानकडच्या पट्टेरी मण्यारच्या विषातून 1963 मध्ये चँग आणि ली यांनी अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते ग्राहीला इतकं घट्ट चिकटतं की त्यावर किरणोत्सारी खूण लावली की ग्राही मोजून होतात.

हे सगळं घडतं कशामुळे, नसेतून झिरपणारं काही पोषकद्रव्य तुटल्यामुळे की स्नायूची हालचाल थांबल्यामुळे, यावर पूर्वी मोठा वाद होता. 1972 मध्ये लोमो आणि रोझेन्थाल यांनी नस कापलेल्या उंदराच्या स्नायूला तारांनी थेट विजेचे झटके दिले. पसरलेली संवेदनशीलता उतरली. याच्या उलट, नस न कापता तिच्यातला संदेश नुसता रोखला तरी संवेदनशीलता पसरली. म्हणजे मुख्य सूत्र स्नायूच्या स्वतःच्या विद्युत क्रियेकडे आहे. क्रिया चालू असताना आत येणारा कॅल्शियम, मायोजेनिनसारख्या जनुक-नियंत्रकांना दाबून, ग्राहींची जनुकं बंद ठेवतो. क्रिया थांबली की तो दाब उठतो. पुढे पर्व्हिस आणि साकमान यांनी 1974 मध्ये दाखवलं की फिब्रिलेशनही फेऱ्यांनी चालतं: तंतू काही काळ स्पंदतो, त्या स्पंदनानेच शांत होतो, आणि शांततेमुळे पुन्हा स्पंदू लागतो. मला हे या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. नस नसतानाही स्नायू स्वतःचं नियमन करत राहतो.

घरी आणलेलं यंत्र

जूनमध्ये नातेवाइकांनी करंट देणारं एक छोटं यंत्र आणलं. त्याने मनगट हललं नाही, आणि घरात पुन्हा निराशा आली. अशी यंत्रं मिलिसेकंदाहून कमी काळाचे झटके देतात. ते नसेला पुरतात, आणि एरवी करंटने स्नायू हलतो तो खरं तर नसेमार्फत हलतो. नसच नसेल तर थेट स्नायूतंतूला जागं करावं लागतं, आणि त्याला दहा ते शंभर मिलिसेकंद लांबीचा झटका लागतो. फिजिओथेरपिस्टकडे ते यंत्र वेगळं असतं. ते रोज वापरल्याने नस लवकर वाढते का? तसं कोणाला आश्वासन देऊ नये असं माझं मत आहे. लोमोच्या उंदरांत झटके दिवसरात्र चालू होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा तास म्हणजे तो प्रयोग नव्हे.

त्याऐवजी मनगट वर धरणारी पट्टी आणि दुसऱ्या हाताने रोज बोटं-मनगट हलवणं, यावर फिजिओथेरपिस्टनी भर दिला. पट्टी लावल्याबरोबर त्याची मूठ घट्ट झाली हे पाहून तो स्वतः चकित झाला. बोटं मिटणाऱ्या स्नायूंची नस वेगळी, ते धडधाकट होते. मनगट पडल्यामुळे त्यांना ताण मिळत नव्हता, इतकंच. त्याचा पहिला प्रश्न होता, “परत रस्सी वढूक जमात मां?”

शस्त्रक्रियेचा दिवस

जून संपताना हाड जुळत नव्हतं आणि वाकडंही होत चाललं होतं. प्लेट बसवायची आणि त्याच वेळी नस उघडून बघायची, असं ठरलं. मासेमारी 31 जुलैपर्यंत बंदच असते, त्यामुळे त्याचीही तयारी होती.

काखेवरून सुन्न करणारं इंजेक्शन मी नाकारलं. आधीच नस दुखावलेली, आणि शस्त्रक्रियेनंतर हात लगेच तपासता यायला हवा. संपूर्ण भूल द्यायची तर श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारं औषध लागतं. सगळ्यात जलद आणि स्वस्त औषध म्हणजे सक्सिनिलकोलीन, आमच्या बोलीत स्कोलीन. लहान रुग्णालयात ते फ्रीजमध्ये हाताशी असतं. इथेच सावध राहायचं होतं.

स्कोलीन ॲसिटिलकोलीनसारखंच ग्राही उघडतं. निरोगी माणसात ग्राही थोड्या जागेत असल्यामुळे बाहेर पडणारा पोटॅशियमही थोडा असतो, आणि रक्तातला पोटॅशियम लिटरमागे सुमारे 0.5 मिलिइक्विव्हॅलंट इतकाच वाढतो. नस गेलेल्या स्नायूत तेच औषध तंतूच्या सगळ्या लांबीभर ग्राही उघडतं, तेही जास्त वेळ उघडे राहणारे. पोटॅशियम काही मिनिटांत इतका चढू शकतो की हृदय थांबतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्धातल्या जखमी सैनिकांत अशा घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा कारण उमगलं. धोका इजेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत नसतो. ग्राही पसरायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर तो सुरू होतो आणि स्नायूला नस मिळेपर्यंत धरून चालावा लागतो. शस्त्रक्रियेआधी तपासलेला पोटॅशियम इथे काहीच सांगत नाही. या रुग्णाचा तो अगदी सामान्य होता.

एका हाताच्या काही स्नायूंनी प्राण गेला असता का? बहुधा नाही, दोन्ही पाय लुळे पडलेल्या किंवा मोठं भाजलेल्या माणसात स्नायूंचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. पण पर्याय हाताशी असताना हा हिशेब रुग्णाच्या जिवावर करू नये. आम्ही रोक्युरोनियम वापरलं. ते ग्राही उघडत नाही, नुसतं अडवून बसतं, म्हणून पोटॅशियम सुटत नाही. स्नायू किती सैल झाले हे मोजणारं यंत्र डाव्या, चांगल्या हातावर लावलं. नस गेलेल्या स्नायूत ग्राही जास्त असल्याने हे औषध तिथे कमी चालतं, आणि त्या बाजूचा आकडा बघून कोणी जास्त औषध दिलं तर रुग्ण वेळेवर श्वास घेत नाही.

रेडियल नस सलग होती. हाडाच्या नव्या वाढीत चिकटून दबलेली, जखमेजवळ जाड झालेली, पण तुटलेली नव्हती. सर्जननी ती मोकळी केली आणि प्लेट बसवली.

पुढे

चिरडलेल्या नसेतले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. इजेच्या जागेपासून तिच्या अखत्यारीतल्या पहिल्या स्नायूपर्यंत, कोपराजवळच्या ब्रेकिओरेडियालिसपर्यंत, सुमारे दहा सेंटिमीटर अंतर धरलं तर गणपतीच्या सुमारास काही दिसायला हवं होतं. चतुर्थीनंतरच्या तपासणीत त्या स्नायूत जोर लावल्यावर लहान, तुटक, अनेक टोकांची स्पंदनं उमटली. नसेचे पहिले तंतू पोचल्याची ती खूण. तिथलं फिब्रिलेशन विरळ झालं होतं. बोटांच्या स्नायूंत मात्र ते पूर्वीसारखंच होतं. एकाच हातात, काही सेंटिमीटरच्या अंतराने, वाहिन्यांच्या दोन अवस्था एका वेळी ऐकू येत होत्या. नस पोचली की क्रिया सुरू होते, क्रियेने जादा ग्राही आणि गर्भावस्थेतल्या वाहिन्या मागे हटतात, आणि ग्राही पुन्हा नसेसमोर एका जागी गोळा होतात. पण ही वाट कायम मोकळी नसते. दीड वर्षाच्या पुढे नस न मिळालेला स्नायू झिजत, तंतुमय होत जातो आणि नस पोचली तरी उपयोग उरत नाही. या रुग्णाची नस तुटलेली निघाली असती, तर ती जोडायचा किंवा दुसऱ्या स्नायूची कंडरा वळवायचा निर्णय याच मुदतीत घ्यावा लागला असता.

दिवाळीपर्यंत मनगट गुरुत्वाविरुद्ध उचललं जाऊ लागलं. शिमग्यापर्यंत बोटं सरळ होत होती. तो होडीवर परतला आहे, पण सध्या वल्हं आणि जाळी निवडण्याच्या कामावर. अंगठा बाहेर नेणारा स्नायू, जो नसेच्या वाटेवर शेवटच्या काही स्नायूंत येतो, अजून कमजोर आहे, आणि त्याची पुढची सुई-तपासणी पावसाआधी ठरली आहे. त्याच्या डिस्चार्ज कागदावर मी लाल शाईने लिहिलं आहे: उजव्या हाताच्या रेडियल नसेची इजा, भूल देताना स्कोलीन वापरू नये. कागदाची एक प्रत त्याच्या आधार कार्डाच्या पाकिटात आहे, कारण उद्या अपेंडिक्स दुखलं तर तो दुसऱ्या तालुक्यातल्या, मला न ओळखणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या हाती असेल.